ट्रायग्लिसराइड्स ४१२, एसजीपीटी ८८ : तेल बंद केलं, तरी आकडे उतरले नाहीत

उंबरठा

वय ४६, उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो. दरवर्षीसारखं रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्टमध्ये दोन आकडे ठळक अक्षरांत आले : ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) ४१२, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ८८. त्याखालोखाल यकृताचीच दुसरी एन्झाइम्स, एसजीओटी ५२ आणि जीजीटी ६१, आणि 'चांगलं' कोलेस्टेरॉल एचडीएल ३६. एलडीएलच्या, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलच्या, रकान्यात नुसती रेघ. उपाशीपोटीची साखर १०८, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी ५.९. त्रास म्हणावा असा काहीच नव्हता. दुपारनंतर थकवा यायचा, पण तो मी कामाच्या खात्यावर टाकून दिला होता.

रक्तात चरबी वाढली म्हणजे खाण्यात चरबी जास्त होतेय, असा सरळ हिशोब मी केला आणि कोणाला न विचारता कामाला लागले. तीन महिने तेल जवळजवळ बंद. अंडी बंद, अक्रोड-बदाम बंद, दूध साय काढलेलं. भूक लागली की फळं. सकाळी मोठा ग्लासभर ताजा रस, संध्याकाळी पाकिटावर 'फॅट नाही' असं लिहिलेली बिस्किटं आणि गोड दही. रात्री उकडलेल्या भाज्या आणि पोटभर भात. इतकी शिस्त मी आयुष्यात कधी पाळली नव्हती.

तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड्स ४३८ आणि एसजीपीटी ९१. वजन तेवढंच. रिपोर्ट बघून मला रडू आलं.

मग डॉक्टरांकडे गेले. पहिला प्रश्न दारूचा. मी दारू घेत नाही. हे मला दोनदा सांगावं लागलं आणि त्याचं वाईट वाटलं. तो प्रश्न सगळ्यांनाच विचारावा लागतो, हे नंतर समजलं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली, दुसऱ्या श्रेणीची. त्यांनी माझ्या खाण्याची वही नीट वाचली आणि म्हणाले, "तुम्ही उपाशीपोटी रक्त दिलंत. त्यात दिसणारी चरबी काल खाल्लेल्या तेलाची नाही, तुमच्या यकृताने स्वतः तयार करून रक्तात सोडलेली आहे. आणि यकृताला कच्चा माल तुम्ही रोज सकाळी ग्लास भरून देताय."

त्या एका वाक्यावर मी गेले दोन आठवडे वाचतेय. मला उमगलं ते असं. यकृत साखरेचा थोडाच साठा करू शकतं, साधारण १०० ग्रॅम. तो भरला की वरची साखर चरबीत बदलते. फळांच्या आणि साध्या साखरेतल्या फ्रुक्टोजचा मोठा भाग तर यकृतातच संपवला जातो, आणि चरबीत बदलताना ग्लुकोजच्या वाटेत जो मोठा अडसर असतो तो त्याला लागत नाही. तयार झालेली चरबी व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात जाते, तीच रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड्स म्हणून दिसते. जी बाहेर जात नाही ती यकृताच्या पेशींत साचते, पेशींना इजा होते, आणि त्यांच्यातून एसजीपीटी बाहेर झिरपतं. माझे दोन ठळक आकडे म्हणजे दोन वेगळे आजार नव्हतेच.

याहून मोठा धक्का वेगळ्याच गोष्टीने दिला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्यांच्या यकृतातली चरबी कुठून आली, हे खुणेचे अणू वापरून शोधलं होतं. सुमारे ५९ टक्के शरीरातल्याच चरबीच्या साठ्यातून पाझरून आलेली, २६ टक्के यकृताने नव्याने बनवलेली आणि फक्त १५ टक्के थेट जेवणातली. मी तीन महिने या १५ टक्क्यांशी भांडत होते, आणि तेही २६ टक्क्यांना खतपाणी घालून.

आता नव्याने सुरुवात करायची आहे. फळं पूर्ण बंद करायची का? तेल किती परत आणायचं? चालणं पुरेल की व्यायामशाळा हवी? आणि परत रक्त कधी द्यायचं? ज्यांनी हे केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

तिसरा_बाक

माझी कथा अक्षरशः हीच, फक्त रसाच्या जागी मधाचं पाणी होतं. यकृताला मध काय आणि साखर काय, फारसा फरक पडत नाही हे फार उशिरा कळलं. वाचतोय.

परीक्षानळी

मी अनेक वर्षं रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून त्या रेघेबद्दल सांगतो. बऱ्याच ठिकाणी एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, गणिताने काढतात. १९७२ सालचं फ्रीडवाल्ड यांचं सूत्र आहे : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करायचा. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या पुढे गेले की हा पाचव्या भागाचा अंदाज कोसळतो, म्हणून तिथे रेघ मारतात. अशा वेळी थेट एलडीएल मोजून मागा, किंवा निदान नॉन-एचडीएल बघा. त्यासाठी एकूणातून एचडीएल वजा केलं की झालं.

आकड्यांच्या पायऱ्या अशा : १५० च्या आत ठीक, १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ जास्त, ५०० आणि पुढे अतिशय जास्त. हे सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल तर त्या आकड्याला ८८.५ ने गुणा.

रक्त देण्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो, कारण चुकीच्या नमुन्यावर घाबरलेली माणसं मी रोज बघतो. १० ते १२ तास काही खाऊ नका, साधं पाणी जरूर प्या. आधीचे दोन-तीन दिवस दारू नको, आदल्या रात्री मेजवानी नको. आणि एकाच आकड्यावर निकाल लावू नका. काहीही न बदलता ट्रायग्लिसराइड्स एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी २० टक्क्यांनी सहज वरखाली होतात. म्हणजे ताई, तुमचं ४१२ चं ४३८ होणं ही 'वाढ' नव्हती. फरक पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एसजीपीटी म्हणजे एएलटी आणि एसजीओटी म्हणजे एएसटी, नावं जुनी-नवी इतकंच. प्रयोगशाळा एएलटीची वरची मर्यादा ४० च्या आसपास छापतात. निरोगी यकृताचा आकडा त्याहून खाली असतो, अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार पुरुषांत २९ ते ३३ आणि स्त्रियांत १९ ते २५. रिपोर्टवर ३८ आलं आणि ते ठळक नसलं, म्हणजे यकृत स्वच्छ आहे असं होत नाही. फॅटी लिव्हर असूनही एन्झाइम्स पूर्ण नॉर्मल असणारी माणसं भरपूर आहेत.

पायवाट

एन्झाइम्सबद्दल एक अनुभव, कोणाचा तरी त्रास वाचेल म्हणून.

मागच्या वर्षी माझं एएसटी १४० आणि एएलटी ७५ आलं. कावीळ, हिपॅटायटिस, सगळं तपासून झालं. महिनाभर घरात सुतकी वातावरण. शेवटी एका तरुण डॉक्टरने विचारलं, "रक्त देण्याआधी व्यायाम काय केला होतात?" आदल्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी जड वजनं उचलली होती, पायऱ्या उतरता येत नव्हत्या इतके पाय भरून आले होते. त्याने स्नायूंची इजा दाखवणारं सीके तपासलं, ते हजारांत होतं. जीजीटी मात्र अगदी नॉर्मल. एएसटी, आणि थोडं एएलटीसुद्धा, स्नायूंतून येतं. जीजीटी स्नायूंतून येत नाही. दहा दिवस विश्रांती घेऊन परत रक्त दिलं, सगळं जागेवर.

तेव्हा तपासणीआधी आठवडाभर नवा, जड व्यायाम नको. चालणं चालू ठेवायला हरकत नाही.

सावली

मी सहसा लिहीत नाही. पण इथे 'तेलाचा काही दोष नाही' असं कोणी वाचून उठू नये, म्हणून लिहितेय.

माझ्या नवऱ्याचे ट्रायग्लिसराइड्स ७०० होते. औषध दिलं होतं, ते त्याने सोडलं. कुठेतरी वाचून त्याने साखर, भात, पाव सगळं बंद केलं आणि लोणी, चीज, मांस यांवर भर दिला. आठ दिवस छान वाटत होतं. शनिवारी मित्रांबरोबर दारू घेतली. रविवारी पहाटे पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं, ते थेट पाठीत जात होतं. वाकून बसलं की थोडं बरं, आडवं झालं की असह्य. उलट्या थांबेनात. आम्ही ॲसिडिटी समजून चार तास घालवले. रुग्णालयात रक्त काढलं तेव्हा ते नळीत पातळ दुधासारखं दिसत होतं. ट्रायग्लिसराइड्स २१००. स्वादुपिंडाला तीव्र सूज. अकरा दिवस अतिदक्षता विभाग.

तो वाचला. पण ते चार तास मी विसरू शकत नाही. घरी आल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा नीट समजावलं की आकडा कोणत्या मजल्यावर आहे त्यावर पथ्य ठरतं. २००-४०० असेल तर साखर, पीठ, वजन, दारू यांवर लक्ष. हजाराच्या पुढे गेला की जेवणातली चरबी वाहून नेणारे मोठे कण रक्तात तुंबून राहतात, तेव्हा तेल, लोणी, साय, दाणे सगळंच अगदी मोजून. त्याला दिवसाच्या उष्मांकातले १० ते १५ टक्केच चरबीतून सांगितले होते. २००० उष्मांकांच्या हिशोबाने ते २२ ते ३३ ग्रॅम होतात, आणि त्यात सगळं आलं. दारूचा एक थेंबही नाही, आयुष्यभर.

उंबरठाताई, तुमचा आकडा वेगळा आहे. तुम्ही घाबरू नका. पण वाचणाऱ्यांत कोणाचा ५०० च्या वर असेल, तर कृपा करून स्वतःच्या मनाने काही करू नका.

उंबरठा

सावलीताई, हे लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल. मनापासून आभार. धाग्याच्या वर हे लिहायला हवं होतं.

निळी_शाई

माझं एसजीपीटी ७० आहे. एका ओळखीच्यांनी लिव्हर डिटॉक्सच्या कॅप्सूल सुचवल्यात, सगळं वनस्पतीजन्य आहे म्हणतात. घेऊ का?

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, मेडिसिन विभागात काम करते. निळी_शाई, घेऊ नका. 'वनस्पतीजन्य' या शब्दाने यकृताला संरक्षण मिळत नाही. ग्रीन टीचा अर्क घातलेल्या वजन कमी करण्याच्या गोळ्या, कावा नावाची वनस्पती, स्नायू वाढवायची पावडर म्हणून विकले जाणारे स्टेरॉइड्स, यांनी यकृताला गंभीर इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नोंदींत भरपूर आहेत. कप भरून प्यायलेला ग्रीन टी वेगळा आणि त्याचा घट्ट अर्क वेगळा. आधीच सुजलेल्या यकृतावर ज्यात काय आहे ते माहीत नाही अशी गोष्ट टाकायची नाही. आत्ता काही घेत असाल तर तेही डॉक्टरांना दाखवा, कधीकधी एन्झाइम्स त्यानेच वाढलेले असतात.

आता मूळ प्रश्नाकडे. पथ्याआधी एक पायरी असते आणि ती गाळली जाते. ट्रायग्लिसराइड्स वाढले की मी टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन बघते. थायरॉइड मंद असेल तर कितीही चाला, आकडा पुरता उतरत नाही. तोंडाने घ्यायचं इस्ट्रोजेन, स्टेरॉइड, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनोइन, काही मनोविकारांवरची आणि रक्तदाबावरची औषधंही आकडा वाढवतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, डॉक्टरांना फक्त सांगायची. एन्झाइम्ससाठी हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासायचंच, शिवाय फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या तपासण्या. 'फॅटी लिव्हरच असणार' असं गृहीत धरून हिपॅटायटिस सी निसटलेला मी पाहिला आहे, आणि तो आज औषधाने बरा होणारा आजार आहे, त्यामुळे जास्त वाईट वाटतं.

दुसरं, यकृतावर चरबी किती आहे यापेक्षा तिथे व्रण धरू लागलेत का, हा प्रश्न मोठा. सोनोग्राफीची श्रेणी ते सांगत नाही. पहिला अंदाज घरीच काढता येतो, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एएसटी, त्याला भागायचं प्लेटलेट्सने (हजारांत) आणि एएलटीच्या वर्गमुळाने. उंबरठा, तुमच्या प्लेटलेट्स किती?

उंबरठा

२ लाख ६० हजार. टीएसएच २.४, हिपॅटायटिस बी-सी दोन्ही निगेटिव्ह.

रात्रपाळी

मग ४६ गुणिले ५२ म्हणजे २३९२. ८८ चं वर्गमूळ ९.३८, गुणिले २६० म्हणजे सुमारे २४३९. भागाकार ०.९८. १.३ च्या आत असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञांकडे जायचं, आणि मधे असेल तर यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी तपासणी करायची. ६५ वर्षांनंतर खालची मर्यादा २ धरतात, आणि अगदी तरुणांत हे सूत्र भरवशाचं नाही. तुमचं चित्र चांगलं आहे, म्हणजे हातात वेळ आहे.

या आजाराचं नावही २०२३ मध्ये बदललं. 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द काढून आता चयापचयाशी जोडलेलं नाव दिलंय, एमएएसएलडी. तुम्हाला दारूच्या प्रश्नाने जसं वाटलं, तसं अनेकांना वाटायचं. ते बदलण्यामागे हेही एक कारण होतं.

वजनाचं म्हणाल तर ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी व्हायला लागते. सूज ओसरायला ७ ते १० टक्के लागतात, व्रण मागे हटायला १० टक्के किंवा जास्त. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे ५.२ किलो. घाई अजिबात नको. आठवड्याला दीड किलोच्या वर वेगाने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि उपासमारीने यकृताची सूज कधीकधी वाढते. आठवड्याला अर्धा किलो भरपूर झाला.

पायवाट

डॉक्टर, ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एन्झाइम्सही वाढलेले असतील तर कोलेस्टेरॉलवरचं स्टॅटिन हे औषध चालतं का? माझ्या भावाने यकृताच्या भीतीने बंद केलंय.

रात्रपाळी

भावाला सांगा की ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याशी आजच बोला. फॅटी लिव्हरमुळे एन्झाइम्स थोडे वाढलेले असणं, म्हणजे मर्यादेच्या तिपटीच्या आत, हे स्टॅटिन थांबवण्याचं कारण नाही. फॅटी लिव्हर असलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका बहुतेक वेळा यकृताचा नसतो, हृदयाचा असतो. ते औषध त्या हृदयासाठी आहे.

ओंजळ

मी लो-कार्बवाला. भात, पाव, बटाटा, साखर बंद करून साडेतीन महिन्यांत ३८० वरून १४०. एसजीपीटी ६६ वरून ३१. वजन ९ किलोने कमी. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे : पिष्टमय पदार्थ काढा, बाकी हवं ते खा. तेल-लोण्याला घाबरायचं कारणच नाही.

परीक्षानळी

दादा, एलडीएल किती आलं?

ओंजळ

१०८ होतं, १७६ झालं. पण ते चांगल्या प्रकारचं एलडीएल असतं असं वाचलंय.

रात्रपाळी

ओंजळ, तुमचं यश खरं आहे आणि ते मेहनतीचं आहे. पिष्टमय पदार्थ कमी केले की ट्रायग्लिसराइड्स उतरतात, याबद्दल वाद नाही. पण १७६ ला 'चांगलं' म्हणून सोडू नका. अपोबी तपासा, धमनीत शिरू शकणाऱ्या कणांची संख्या त्यावरून कळते.

आणि 'बाकी हवं ते' याला माझा विरोध आहे. २०१४ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. ३९ तरुण, सडसडीत माणसांना ७ आठवडे मफिन्स जास्तीचे खायला दिले, एका गटाला पामतेलातले, दुसऱ्याला सूर्यफूल तेलातले. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं, दीड किलोच्या थोडं वर. पण यकृतातली चरबी पामतेलाच्या गटात बरीच जास्त वाढली. चरबी किती एवढंच महत्त्वाचं नाही, कोणती हेही आहे. लोण्याच्या जागी ऑलिव्ह, मोहरी, सूर्यफूल असं तेल, चीजच्या जागी मासे, अक्रोड, कडधान्यं, एवढं केलंत तर तुमचा लो-कार्ब आहार मलाही पटेल.

ओंजळ

अपोबी करून घेतो. मफिन्सचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

तिसरा_बाक

मासे खात नाही. ओमेगा-३ च्या कॅप्सूल घेतोय, रोज एक. सहा महिने झाले, फरक शून्य.

परीक्षानळी

डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. १००० मिलिग्रॅमच्या साध्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशातली दोन मुख्य ओमेगा-३, मिळून बहुतेक ३०० मिलिग्रॅमच असतं. ट्रायग्लिसराइड्स उतरवण्यासाठी दिवसाला २ ते ४ ग्रॅम लागतं, तेव्हा कुठे २० ते ३० टक्क्यांचा फरक पडतो. जवस किंवा अक्रोडातलं ओमेगा-३ वेगळं, शरीर त्यातला फार थोडा भाग ईपीएमध्ये बदलतं. जवस खा, तंतूंसाठी उत्तम, पण त्याकडून या कामाची अपेक्षा ठेवू नका. शैवालाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात, त्या मासे न खाणाऱ्यांना चालतात.

रात्रपाळी

आणि मोठा डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. जास्त मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो, असं मोठ्या चाचण्यांत दिसलंय.

उंबरठा

फळांचं कोणीच सांगितलं नाही, पण मला त्याचं उत्तर डॉक्टरांकडून मिळालं, इथे ठेवते. अख्खं फळ चावून खायचं, दिवसाला दोन. रस नाही, घरचा ताजासुद्धा नाही. एका ग्लासात तीन-चार फळांची साखर उतरते, तंतू चोथ्यात जातात आणि ती दोन मिनिटांत पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना जास्तीच्या साखरेसाठी उष्मांकांच्या १० टक्क्यांची मर्यादा सांगते, आणि शक्यतो ५ टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. रसातली साखर ते या हिशोबात धरतात, अख्ख्या फळातली धरत नाहीत. ३३० मिलीच्या एका थंड पेयाच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम असते, म्हणजे एका डब्यात दिवसाची ही २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडली.

कॉफीचंही विचारलं होतं. बिनसाखरेची दोन-तीन कप चालेल म्हणाले. कॉफी पिणाऱ्यांत एन्झाइम्स आणि यकृतावरचे व्रण कमी आढळतात.

आजपासून सुरू करतेय. बारा आठवड्यांनी येईन.

उंबरठा (बारा आठवड्यांनी)

ट्रायग्लिसराइड्स २३६. एसजीपीटी ५४, एसजीओटी ३८. वजन ७०.८. एलडीएलच्या रकान्यात यावेळी आकडा आहे, १२१.

काय केलं ते सांगते, कारण यात थोर काही नाही. रस, बिस्किटं, गोड दही बंद. चहात साखर नाही. पहिले दहा दिवस वाईट गेले, नंतर जीभ बदलली. ताटात अर्धी भाजी, पाव भाग डाळ, कडधान्य, अंडं किंवा मासा, आणि उरलेल्या पाव भागात भात. आधी भाजी आणि प्रथिन, भात शेवटी. तेल परत आणलं, दिवसाला तीन-चार चमचे, आणि मूठभर अक्रोड. तेल परत आल्यावर मला दर दोन तासांनी भूक लागेनाशी झाली. मागच्या वेळी संध्याकाळी पाच वाजता मी बिस्किटांवर तुटून पडायचे, ते भुकेमुळेच होतं हे आता समजतं. स्वतःला किती दोष दिला होता त्यावेळी.

व्यायामात दोन्ही मोठ्या जेवणांनंतर वीस मिनिटं चालणं. हे माझ्यासाठी सगळ्यात सोपं ठरलं, वेगळे कपडे नाहीत, वेगळी वेळ नाही. शिवाय आठवड्यातून दोनदा घरीच उठाबशा, भिंतीला हात टेकवून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. काम करणारा स्नायू रक्तातल्या ट्रायग्लिसराइड्स खेचून घेतो, त्यासाठीचं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम व्यायामानंतर कित्येक तास जास्त चालतं. म्हणून रोज थोडं, हे रविवारी खूप करण्यापेक्षा जास्त उपयोगी.

एक गोष्ट जमली नाही ती झोप. रात्री अकराच्या आत अजून होत नाही. नवरा म्हणतो मी घोरते. डॉक्टरांनी झोपेत श्वास अडकण्याची तपासणी सुचवलीय, तोही यकृताच्या चरबीशी जोडलेला प्रकार आहे म्हणे.

सावली

तुमचा आकडा वाचून डोळे भरून आले. यांचेही सध्या ३१० वर आहेत, औषध चालू.

उंबरठा (सहा महिन्यांनी)

ट्रायग्लिसराइड्स १६८, एसजीपीटी ३४, जीजीटी ३३, एचडीएल ४३. वजन ६८.४. कंबर ९६ वरून ८८ सेंमी. उंचीच्या निम्मी, म्हणजे ७९ व्हायला हवी, अजून पल्ला आहे. मधे दीड महिना वजन जागचं हललं नाही, तरी एसजीपीटी उतरत होतं. त्या दीड महिन्यात सोडून देणार होते. चालण्याने वजन न घटताही यकृतातली चरबी कमी होते, हे इथल्याच कोणीतरी मला खासगी निरोपातून सांगितलं, त्याने तगले.

शिरीषफूल

नवीन आहे, आजच सगळं वाचलं. माझा रिपोर्ट दुपारी आला. वय ३८. ट्रायग्लिसराइड्स ११४०, उपाशीपोटीची साखर २१०, एसजीपीटी ७२. दुखत वगैरे काही नाही. उंबरठाताईंचं ताट उद्यापासून सुरू करू का? डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे.

रात्रपाळी

नाही. तीन आठवडे थांबू नका. आत्ता दवाखान्यात फोन करून हे दोन्ही आकडे वाचून दाखवा आणि उद्याची वेळ मागा. साखर २१० आहे, ती आटोक्यात आली की ट्रायग्लिसराइड्स बरेच खाली येतील, पण त्याला औषध लागेल. तोवर दारू शून्य, साखर शून्य, आणि तुमच्या बाबतीत तेल, लोणी, दाणेसुद्धा अगदी कमी. उंबरठाचं ताट तुमच्यासाठी नंतर, आत्ता नाही. पोटाच्या वरच्या भागात दुखून पाठीकडे गेलं, उलट्या झाल्या, तर फोनही करत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

सावली

शिरीषफूल, दुखलं तर ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट बघू नका. घरात जो कोणी असेल त्याला हे आत्ताच सांगून ठेवा.

शिरीषफूल

फोन केला. आधी वेळ नाही म्हणाले, आकडे सांगितल्यावर उद्या सकाळी ९ ला बोलावलंय. बायकोला हा धागा वाचायला दिलाय.